दोघींनी मिळून जग बनवलं, आता त्यातल्या धर्मांवरून अबोला

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी आणि तिची कॉलेजपासूनची मैत्रीण गेली तीन वर्षं मिळून एक फँटसी कादंबरी लिहितायत. कादंबरीतल्या खोऱ्यात दोन धर्म आहेत. 'मावळते' पत्रलेखिकेने बनवले: रात्र हीच देवी, प्रार्थनेला सगळे दिवे विझवायचे, कपडे काळे, मेलेल्यांना पुरायचं. 'दिवटे' मैत्रिणीने बनवले: सूर्याचे भक्त, आग कधी विझू द्यायची नाही, कपडे पांढरे, मेलेल्यांना जाळायचं. दोन्हीकडच्या पुजाऱ्यांची जादू खरोखर चालते. दहा प्रकरणं मजेत झाली. अकराव्यात पत्रलेखिकेने असं दाखवलं की दिवट्यांची म्हातारी पुजारीण, वातींचा हिशोब ठेवणारी बयाई, मावळत्यांच्या विहिरीत विष कालवते. मैत्रिणीने ते वाचलं, 'तुला माझी माणसं कळलीच नाहीत' एवढा मेसेज टाकला आणि शेअर केलेल्या डॉकमधून बाहेर पडली. याला दोन महिने झाले. पत्रलेखिका विचारते, "ताई, कुठला तरी एक धर्म खरा आणि दुसरा खोटा ठरवल्याशिवाय गोष्टीला शेवटच मिळत नाहीये. मग मी माझ्या बाजूने शेवट करून एकटीनेच पुस्तक संपवू का? की दोन्ही बाजू सारख्याच वाईट दाखवून न्यूट्रल राहू? आणि ही तर काल्पनिक गोष्ट आहे ना, तिने एवढं मनाला का लावून घ्यावं?" शिवाय एका ओळखीच्याने 'हे सरळ सरळ खऱ्या अमुक धर्मावर आहे' अशी शंका काढलीये त्याचीही भीती आहे, आणि धर्मांची नावं बदलू का हा छोटा प्रश्न वेगळाच.

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हा प्लॉटचा प्रश्न आहे, मलाही असली जगं आवडतात त्यामुळे मी लगेच त्यातच शिरले. दुसऱ्यांदा वाचताना तू कंसात टाकलेलं एक वाक्य दिसलं, "(बयाई तशी तिच्या आजीवरूनच आलीये, आजी काडेपेटीतल्या काड्या मोजून ठेवायची, मागच्या वर्षी गेली.)" कंसात गं! अख्ख्या पत्रात खोऱ्याच्या नकाशावर दीड पान आहे आणि हे कंसात. म्हणजे काल्पनिक गोष्ट एवढी मनाला का लावून घेतली याचं उत्तर तुझ्याजवळ आधीपासूनच होतं.

पण मी तुला त्यावरून झोडपणार नाहीये. कारण मला खरंच वाटतं की तू दुष्टपणाने ते प्रकरण लिहिलेलं नाहीस, तुला ते लिहावं लागलं. तुमचे दोन धर्म ज्या पद्धतीने बनलेत त्यात भांडणाला कारणच नव्हतं, त्यामुळे तुला विष आणावं लागलं, आणि विष कालवायला कुणीतरी हात लागतो, तो समोर होता तो बयाईचा. हे मी जरा सविस्तर सांगते कारण असं दोघांतिघांनी मिळून लिहिणारे किंवा मित्रांना जमवून गोष्टीतल्या भूमिकांचा गेम चालवणारे बरेच जण याच खड्ड्यात पडतात.

तुमचे धर्म बघ. एक काळा एक पांढरा, एक पुरतो एक जाळतो, एक रात्र एक दिवस. सगळं उलट. कागदावर हे फार भारी दिसतं, टेबल करून दोन कॉलम पाडता येतात. पण ज्यांचं सगळंच वेगळं आहे ते भांडतील कशावरून? ते एकमेकांकडे विचित्र प्राणी बघावा तसं बघतील, जमलं तर व्यापार करतील आणि आपापल्या घरी जातील. कडवं वैर तिथे होतं जिथे जवळजवळ सगळं सारखं असतं आणि एक छोटी गोष्ट वेगळी असते. भाऊबंदकी म्हण हवं तर, बांधावरून भांडायला बांध सामाईक लागतो.

खरं उदाहरण देते. रशियात १६५३ च्या सुमाराला तिथल्या चर्चचे प्रमुख निकॉन यांनी विधींमध्ये काही सुधारणा आणल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे क्रूसाची खूण करताना दोन बोटं नाही तर तीन बोटं जुळवायची. देव तोच, ग्रंथ तोच, चर्चची इमारत तीच. अजून काय बदललं, तर 'अलेलुया' दोनदाऐवजी तीनदा म्हणायचं, मिरवणूक सूर्याच्या दिशेने न जाता उलट दिशेने न्यायची, येशूच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवायचं. बस. आणि यावरून चर्च उभं फाटलं, १६६६-६७ च्या धर्मसभेने जुन्या रीतीवाल्यांना बहिष्कृत केलं, त्यांचा पुढारी अव्वाकुम याला १६८२ मध्ये जाळून मारलं, आणि ती जुन्या रीतीची माणसं आजही आहेत. एक बोट! पण तुझ्या-माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला ते एक बोट वाटतं, आतल्या माणसाला मात्र असं वाटतं की माझा बाप, आजोबा, पणजोबा सगळे दोन बोटांनी प्रार्थना करून गेले, तर आता तुम्ही म्हणताय की ते सगळे चुकीचं करून गेले? भांडण बोटाचं राहिलंच नाही, ते मेलेल्या माणसांचं झालं.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की ते दोन कॉलमचं टेबल बाजूला ठेव आणि मावळत्यांना आणि दिवट्यांना काहीतरी एक सामाईक दे. तुझ्या पत्रातच त्याची बीजं आहेत. मला सुचलं ते सांगते, आवडलं तर बिनधास्त घे. समज, दोन्ही धर्म एकच गोष्ट मानतात, की खोऱ्यातली मेलेली माणसं वर्षातून एका रात्री नदीकाठाने चालत आपापल्या घराकडे येतात. दिवटे म्हणतात खिडकीत दिवा ठेवा नाहीतर त्यांना घर सापडणार नाही, मावळते म्हणतात दिवे विझवा नाहीतर ते उजेडाला अडकून पडतील आणि त्यांना परत जाता येणार नाही. आता एक गल्ली घे, दोन घरं, मध्ये हातभर अंतर. या घरातल्या बाईचा मुलगा मागच्या पावसाळ्यात नदीत गेलाय, तिने दिवा लावलाय आणि ती वात जळेल तशी वर सरकवत बसलीये, एकदाही डोळा मिटला नाही. शेजारच्या घरातल्या माणसाची बायको वारलीये, तो अंधारात बसलाय आणि तिच्या खिडकीतला पिवळा चौकोन बरोब्बर त्याच्या भिंतीवर पडतोय. तो उठतो, दार वाजवतो, म्हणतो दिवा विझव. ती म्हणते माझं पोर अजून आलं नाही. इथे कोण दुष्ट आहे? कोणीच नाही. आणि तरी त्या रात्री त्या गल्लीत काय वाट्टेल ते होऊ शकतं. विहीर नको, विष नको. शिवाय तुझ्या मूळ गोष्टीतलं काही फुकट जात नाही, दिवे विझवणं आहे, आग जपणं आहे, फक्त दोघांचं कारण एक झालं.

असंच कॅलेंडरचं करता येईल, हे फार कमी लोक वापरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा दहा दिवस गाळले, कॅथलिक देशांपैकी काहींनी लगेच स्वीकारलं, पोपला न मानणाऱ्या प्रोटेस्टंट देशांनी म्हटलं पोपचं कॅलेंडर आम्ही का घ्यावं. गणित बरोबर होतं, तरी नाही. इंग्लंडने तर १७५२ पर्यंत घेतलं नाही. म्हणजे मधली कितीतरी वर्षं सीमा ओलांडली की तारीख दहा दिवसांनी मागे-पुढे. आता तुझ्या खोऱ्यातल्या बाजारात असे दोन कॅलेंडर असतील तर कर्जाची मुदत कुठल्या तारखेला संपली? पोर सज्ञान कधी झालं? सण आणि उपास एकाच दिवशी आला तर रस्ता कोणाचा? एवढ्यावर तीन प्रकरणं निघतात, आणि त्यात एकही पुजारी जादू करत नाही.

जादूचं काढलंच आहे तर. तू लिहिलंयस की दोन्हीकडची जादू चालते, आणि पुढच्याच ओळीत म्हणतेस की एक धर्म खोटा ठरवायला हवा. हे दोन्ही एकत्र कसं बसवणार आहेस? आपल्या जगात देव आहे की नाही यावर वाद घालता येतो, तुझ्या जगात तो वादच नाही, पुजारीण हात वर करते आणि आग लागते. म्हणजे तिथला खरा प्रश्न असा होतो की समोरच्याचा देव खोटा आहे म्हणावं तर त्याची जादू का चालते, आणि प्रत्येक धर्माला त्याचं स्वतःचं उत्तर तयार ठेवावं लागेल. दिवटे म्हणत असतील की मावळत्यांची जादू म्हणजे आमच्या आगीतून चोरलेली ऊब आहे, म्हणून तर त्यांच्या देवळात गार वाटतं. मावळते म्हणत असतील की उजेड हा रात्रीनेच दिलेला उसना माल आहे, रोज संध्याकाळी परत करावा लागतो, बघा ना. दोन्ही उत्तरं आतून पक्की, बाहेरून हास्यास्पद. हे लिहायला इतकं मजेशीर आहे की तुला खरा-खोटा निकाल द्यायची घाई का झालीये तेच मला कळत नाही. लेखकाला माहीत असलंच पाहिजे असं नाही. माहीत असलं तरी सांगितलंच पाहिजे असंही नाही.

बरं, न्यूट्रलचं. 'दोन्ही बाजू सारख्याच वाईट' हा तुझा दुसरा पर्याय, तो मला पहिल्यापेक्षा जास्त आळशी वाटतो, राग मानू नकोस. त्यात दोन्ही देवळांत ढोंगी, लोभी पुजारी बसवायचे आणि एक शहाणा नास्तिक हीरो मधून फिरवायचा, तो सगळ्यांना हसतो. वाचणाऱ्याला पाचव्या पानावर कळतं की लेखिकेला या माणसांविषयी काही वाटत नाही. न्यूट्रल राहणं म्हणजे दोघांपासून सारखं लांब राहणं नव्हे गं, दोघांच्या सारखं जवळ जाणं. दोन्हीकडे एक तरी माणूस असा हवा की ज्याची श्रद्धा बघून तुझाच धर्म बदलावा असं तुला वाटेल, आणि दोन्हीकडे एक तरी असा हवा जो श्रद्धाबिद्धा काही नाही, फक्त देवळाच्या जमिनीचा खंड गोळा करतो.

आणि धर्माची रेघ आणि सत्तेची रेघ एकच धरू नकोस, हे लोक हमखास करतात. युरोपात १६१८ ते १६४८ तीस वर्षं युद्ध चाललं, सुरुवात कॅथलिक-प्रोटेस्टंट अशी. आणि १६३५ मध्ये कॅथलिक फ्रान्स, ज्याचा कारभार चक्क एक कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्मगुरू बघत होता, रिशेल्यू, तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने कॅथलिक हाब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध उघड युद्धात उतरला. कारण हाब्सबर्ग फ्रान्सच्या दोन्ही अंगांना बसले होते. तुझ्या खोऱ्यात एखादी मावळती सरदारीण दिवट्यांना गुपचूप धान्य पुरवते असं दाखवलंस तर गोष्ट एकदम श्वास घ्यायला लागेल.

उलट बाजूनेही बघ, वैर असूनही माणसं कशी राहतात. जर्मनीत बाउत्सेन नावाच्या गावात सेंट पीटर नावाचं एक चर्च आहे, १५२४ पासून ते कॅथलिक आणि ल्युथरन (म्हणजे प्रोटेस्टंटच) दोघं वापरतात. एकच इमारत, पुढचा भाग यांचा, मागचा त्यांचा, मध्ये कठडा, आणि कोणी कधी प्रार्थना करायची याचे करार. प्रेमाबिमाने नाही, दुसरं परवडत नव्हतं म्हणून. मला अशी करारातली शांतता फार आवडते, मिठ्या मारून झालेल्या शेवटापेक्षा कितीतरी खरी वाटते. कोणाची घंटा आधी वाजणार, झाडायचं कोणी, छत गळलं तर पैसे कोणाचे. तुझ्या शेवटासाठी हा एक पर्याय ठेव: कोणी जिंकत नाही, एक कागद बनतो, आणि त्या कागदातल्या एका कलमावर पुढची पिढी भांडणार हे वाचणाऱ्याला दिसतं.

जिंकवायचंच असेल कोणाला तर जिंकल्यानंतरचं पण लिही. इजिप्तमध्ये राजा अखेनातेनने इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात एकट्या सूर्यबिंबाची, आतेनची पूजा वर आणली आणि आमून देवाचं नाव भिंतींवरून छिन्नीने खरवडून काढायला लावलं. तो गेल्यावर काही वर्षांतच जुने देव परत आले आणि मग त्याचं नाव तसंच खरवडलं गेलं. मला त्यात राजापेक्षा तो कारागीर दिसतो, त्याच भिंतीपुढे उभा. बापाने एक नाव खरवडलं, मुलगा दुसरं खरवडतोय.

कारागिरावरून नरहरी सोनार आठवले, तुलाही आठवले असतील. कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही असा पण. एक सावकार विठ्ठलासाठी सोन्याचा करदोटा करायला सांगतो, हे दुसऱ्याने आणलेल्या मापावर करून देतात, तर तो कधी आखूड होतो कधी सैल. शेवटी नाइलाजाने डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला जातात, हाताला शंकर लागतो, पट्टी काढली की विठ्ठल. गोष्ट आपण हजारदा ऐकलीये, पण लिहिणारीच्या नजरेने बघ: या गोष्टीत कोणीही कोणाला वादात हरवत नाही. त्या माणसाला तिथपर्यंत नेलं ते त्याच्या धंद्यातल्या अभिमानाने, माझं माप चुकूच कसं शकतं. तुमच्या खोऱ्यातही मावळत्यांच्या देवळाला बिजागऱ्या करून देणारा लोहार दिवटा असणार की. त्याला प्रकरण दे.

तो ओळखीचा माणूस जे म्हणाला ते फार मनावर घेऊ नकोस, पण उडवूनही लावू नकोस. त्याला विचार की नेमकं कुठल्या गोष्टीवरून वाटलं. कपडे, अंत्यविधी आणि ग्रंथाची भाषा अशा तिन्ही खुणा एकाच खऱ्या समाजाकडे बोट दाखवत असतील तर त्यातल्या दोन बदलून टाक, आणि ज्या बाजूला तो समाज दिसतोय त्याच बाजूला सगळे खलनायक असतील तर मग मात्र तो बरोबर बोलतोय, थांब आणि परत बघ. वर म्हटलं तसं सामाईक गोष्टींपासून धर्म बांधलेस तर ही अडचण बऱ्यापैकी आपोआप सुटेल.

आता मैत्रीण.

तू लिहितेस की एकटीने पूर्ण करू का. हक्काचं आधी बोलून टाकते: दिवटे तिचे आहेत. बयाई तिची आहे. तीन वर्षं दोघींनी लिहिलेलं पुस्तक तिच्या होकाराशिवाय तुझ्या एकटीच्या नावावर जाऊ शकत नाही, आणि गेलंच तर तुलाच ते हातात धरवणार नाही. असं मिळून लिहिणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, सुरुवातीलाच एका पानावर लिहून ठेवा की जग कोणाचं, पात्रं कोणाची, एक जण बाहेर पडला तर काय, आणि एकाच्या मुख्य पात्राला दुसऱ्याने मारायचं किंवा बिघडवायचं असेल तर आधी विचारायचं. मैत्रीत कागद कशाला असं वाटतं, पण त्या बाउत्सेनच्या लोकांनी केलाच की.

पण तुझ्याकडे आज तो कागद नाहीये, त्यामुळे फोन कर. मेसेज नको, मोठा ईमेल तर अजिबात नको, कारण तू ईमेलमध्ये नकाशा काढशील. फोन करून पुस्तकाचा विषय तू काढू नकोस. आजीचं विचार. काड्या का मोजायची, ते विचार. खरंच विचार, कारण मला नाही वाटत तू कधी विचारलं असशील, तू ती सवय पात्राला मजेशीर दिसते म्हणून ठेवलीस आणि तुझ्या मैत्रिणीसाठी ती सवय म्हणजे आजी होती. एखाद्या घरात काड्या मोजाव्या लागतात त्याला काहीतरी कारण घडलेलं असतं. त्या कारणाशिवाय तू बयाईच्या हातात विष दिलंस, म्हणून ती म्हणाली तुला माझी माणसं कळलीच नाहीत. ती 'माझा धर्म' म्हणाली नाही बघ. 'माझी माणसं' म्हणाली.

माफी मागताना 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असलं काही बोलू नकोस. 'मी बयाईला न विचारता विष कालवायला लावलं, आणि ती कोण आहे हे मला माहीत होतं', एवढंच. मग तिला बोलू दे. ती म्हणाली मला हे पुस्तक नकोच आहे, तर ते ऐकून घे आणि दिवटे तिला परत दे, तू मावळत्यांची वेगळी गोष्ट लिही, ज्यात शेजारी कोणीतरी वेगळंच राहतं. वाईट वाटेल पण होतं असं. आणि ती परत यायला तयार झाली तर एक प्रयोग करा: धर्म बदला. म्हणजे पुढची दोन प्रकरणं तू दिवट्यांच्या घरातून लिही आणि ती मावळत्यांच्या. ज्या दिवशी तू बयाईच्या तोंडून अशी प्रार्थना लिहिशील की तुझी मैत्रीण म्हणेल हो, असंच म्हणते ती, त्या दिवशी पुढे काय होणार यावर भांडा खुशाल. नाही जमलं पहिल्या खेपेला तर चिडू नकोस, मूळ धर्मवाल्यालाच कळतं कुठे चुकलंय ते.

अकरावं प्रकरण डिलीट करायची घाई नको. दोघी बोलल्यावर कदाचित असं निघेल की खोऱ्यात सगळे म्हणतात बयाईने विष कालवलं, आणि तिने कालवलेलं नाही. अफवा म्हणून ते प्रकरण तसंच्या तसं वापरता येईल, एक ओळही न बदलता, फक्त ते कोण सांगतंय ते बदलायचं.

आणि नावांचं विचारलंस ना, मावळते नको बदलूस, छान आहे. दिवटेचा मात्र विचार करा, आपल्याकडे दिवटा म्हटलं की आधी वाया गेलेला कार्टाच डोळ्यांसमोर येतो, पण ते तिने ठेवलेलं नाव आहे त्यामुळे तिलाच विचार.